चिकाचा एक थेंबही बाहेर नाही

३ नोव्हेंबर. सकाळ.
आजपासून शास्त्र. काल डेअरीत जनावरांच्या डॉक्टरांचं भाषण मागच्या बाकावरून ऐकलं. पुढचे झोपले होते. व्यालेल्या म्हशीच्या चिकात हार्मोन असतात, त्यांच्या जोरावर पिलाचं आतडं वाढतं. आपली आधीची दोन रेडकं हगवणीनं गेली ती उगीच नाही. चीक गावात, रेडकू उपाशी. आमची म्हस चंद्री आज-उद्या व्यायणार. निश्चय: थेंबही गोठ्याबाहेर नाही. वर्षाराणीला, म्हणजे आमच्या मंडळींना, बजावलं. म्हणाली, मला न्हवं, सोताला सांगा.

५ नोव्हेंबर.
रेडी झाली. निश्चय कायम. फक्त शेजारच्या धोंडुबाईंना तांब्याभर. दारातच म्हणाल्या, "गेल्या येळंला चीक दिला हुतासा की, औंदा काय झालं?"
संध्याकाळी डेअरीचे चेअरमन गणपतराव. किटलीभर. चेअरमनपुढं हार्मोन काढता येत नाहीत.
भांडी वर्षाराणी भरते, मी पोचवतो. चीक पिवळाधमक. वीस वर्षं म्हशी पाळतोय, रंग लांबून ओळखतो.

६ नोव्हेंबर.
गारगोटीहून विहीणबाईंचा फोन. म्हस व्याल्याचं त्यांना कसं कळलं कोण जाणे. बहुतेक माझं स्टेटस. डबा पाठवला. नाही म्हणायला शिकायचं. उद्यापासून.
गोठ्यातून वर्षाराणीचा आवाज: "पी बाई, त्यांचं ध्यान न्हाय तवर." कान तिखट आहेत माझे. अर्थ लागला नाही.

९ नोव्हेंबर.
कुणाचाच खरवस जमला नाही. धोंडुबाई म्हणतात, वड्या कसल्या, पेज झालीया. गणपतराव भर चौकात म्हणाले, ह्यांची म्हस पाण्याची हाय.
वर्षाराणीला विचारलं. भाकरी थापत म्हणाली, "दुसऱ्या म्हशीचं दूध हुतं, हळद घातल्याली. चीक रेडीनं पिला. तुमास्नी सांगितलं असतं तर तुमी त्योबी वाटला असता."
पुरता अडकलो. खरं सांगावं तर गावाला फसवलं. गप्प बसावं तर चंद्री बदनाम. तूर्त चंद्रीच. तिला कळत नाही.

१४ नोव्हेंबर.
रेडी उड्या मारते. हगवण नाही. माझा निश्चय फळाला आला. डॉक्टर बघून गेले, खूष. डेअरीत रेडकं वाढवण्यावर भाषण ठेवायचं म्हणाले, तुमच्या घरचाच माणूस पाहिजे. भाषण पाठ केलं. आरशापुढं दोनदा.

१६ नोव्हेंबर.
डेअरीच्या फळ्यावर भाषणाचं नाव लागलं. वर्षाराणीचं. डॉक्टरांनी गोठ्यात तिलाच सगळं विचारून घेतलं होतं. गणपतरावांना विचारलं, मी काय करायचं? म्हणाले, "वैनींस्नी गाडीवरनं घिऊन या. खरवस मातूर आणू नगासा."