दोराचं दुसरं टोक

ओबरबाख, ५ डिसेंबर १९६३

चि. कासियान यास,
अनेक आशीर्वाद.

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा माझं अक्षर पाहून तुला वाटेल, दादाने अंथरूण धरलं. तसं काही नाही. एकसष्ट पुरी झाली, पण अजून सरपण मीच फोडतो. नाताळाचं कार्ड दरवर्षी तुझी वहिनी लिहिते आणि मी खाली सही ठोकतो. आज काम माझं आहे, म्हणून लिहिणंही मलाच भाग आहे.

खाली इन्सब्रुकमध्ये एकोणतीस जानेवारीला हिवाळी ऑलिंपिक सुरू व्हायचं आहे आणि बर्फाचा पत्ता नाही. पूल रंगवून झाला, झेंड्यांचे खांब उभे राहिले, दुकानदारांनी काचांवर पांढरा कापूस चिकटवला. उतारांवर मात्र वाळलेलं गवत. त्यात तो मेला फॉनचा गरम वारा सुटलाय. शहरात सगळ्यांची डोकी दुखतात आणि जो तो दुसऱ्याच्या अंगावर धावून जातो. सैनिक वरच्या खिंडींतला बर्फ पाठीवरच्या टोपल्यांतून खाली आणताहेत. इगल्सला घसरगाडीसाठी नवा मार्ग केलाय, त्याचं शेवटचं वळण उन्हाच्या तोंडावर आलंय. दोनदा बांधलं, दोनदा पाघळलं.

मी सरळ समितीच्या कचेरीत गेलो आणि म्हणालो की आमच्या काळ्या तळ्याचा बर्फ लावा. वरून बर्फ पडला नाही म्हणूनच तळं यंदा काचेसारखं गोठलंय, आत एक बुडबुडा नाही. वीस जानेवारीच्या आत तीनशे लाद्या देतो, असा शब्द देऊन आलो. कापायला, ओढायला सैनिक आहेत. पण पहार घेऊन पुढे चालणारा, झऱ्यांवरच्या पातळ जागा ठोकून ओळखणारा मी एकटाच उरलो, आणि माझा दोर धरायला कोणी नाही. म्हणजे माणसं शंभर आहेत, बर्फाचा आवाज कळणारा एकही नाही.

या वेळी पुढे मी चालेन. दोर तू धर. बाबांचा नियम तुला सांगायला नको: खुंट्याला एक वेढा, टोक हातात, आणि धरणाऱ्याने स्वतःच्या अंगाला कधी बांधायचा नाही. दोघंही गेले तर घरी सांगायला कोण येणार?

तुझ्या दुकानातल्या त्या थंड कपाटांनी आमचा बर्फाचा धंदा बुडवला, त्याची थोडी भरपाई समज. लोभ उरला असेल तर वाढवावा.

तुझा दादा,
रोमेड


लिंझ, ११ डिसेंबर १९६३

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र पोहोचलं. तुझं अक्षर अजून कुऱ्हाडीने कोरल्यासारखंच आहे. वाचून आनंद झाला आणि लगेच रागही आला, दोन्ही कळवतो.

माझ्या कपाटांना नावं ठेवू नकोस. लिंझमधल्या निम्म्या बायका माझ्यामुळे उन्हाळ्यात लोणी खातात. बर्फ हवा असेल तर यंत्राने तयार होतो, त्यासाठी म्हाताऱ्या माणसाने तळ्यावर नाचायची गरज नसते. हे तुझ्या समितीला कळत नसेल तर मी पत्र लिहून कळवतो.

मी येणार नाही. सणाच्या दिवसांत दुकान बंद ठेवता येत नाही हे एक कारण. दुसरं कारण माझ्या डाव्या पायात आहे. तिथे दोन बोटं नाहीत आणि थंडी पडली की जी नाहीत तीच दुखतात. मी तळ्यात गेलो त्या दिवशी, दोर निसटला होता असं तू बाबांना सांगितलंस. निसटणारा दोर मी कशाला धरू?

वहिनीला नमस्कार. तिच्या हातच्या, स्पेकचं खारं मांस घातलेल्या क्नोडलच्या गोळ्यांची आठवण येते, हे तिला सांग, तुला नाही.

तुझा,
कासियान


ओबरबाख, १७ डिसेंबर १९६३

प्रिय कासियानभावोजी,
नमस्कार.

हे पत्र ह्यांच्या नकळत लिहिते आहे. टपालवाल्यालाही ताकीद दिली आहे, त्यामुळे आतापर्यंत सगळ्या गावाला कळलं असेल.

तुमचं उत्तर ह्यांनी वाचलं. दुसऱ्या दिवशी पहार खांद्यावर टाकून तळ्यावर गेले. मी मागोमाग गेले तर काय पाहते, दोराचं एक टोक कमरेला आणि दुसरं काठावरच्या झाडाला! झाड काय, बर्फ वाजला म्हणून ओढून घेणार आहे? मी नको नको ते बोलले. हे म्हणाले की शब्द दिलाय आणि झाड निदान पत्रं लिहीत नाही. तेव्हापासून रोज जातात. सैनिकांचा अधिकारी चांगला माणूस आहे. तो म्हणाला, एवढ्या धोक्याची गरज नाही, लाद्यांचा नाद सोडा. ह्यांनी त्यालाच बर्फ कसा ऐकायचा ते शिकवायला घेतलं.

गेल्या वर्षी माझा खांदा मोडला, नाहीतर दोर मीच धरला असता आणि तुम्हा दोघांनाही विचारलं नसतं. शहरातले लोक पदकांबद्दल बोलतात. मला एवढंच पाहिजे की ह्यांनी ते वळण पुरं करावं आणि जेवायला घरी यावं. हे माघार घेणार नाहीत, भावोजी. मग माणसाला माणूस नको का बांधलेला?

क्नोडल पाठवता येत नाहीत, इथे येऊन खावे लागतात.

तुमची वहिनी,
नोटबुर्गा


ओबरबाख, २३ डिसेंबर १९६३

चि. कासियान,
आशीर्वाद.

तुझ्या वहिनीने तुला लिहिलं हे टपालवाल्याकडून कळलं. ती माझ्यासाठी रदबदली करत असेल, पण तिला एक गोष्ट माहीत नाही. ती लिहायला मी तीन कागद फाडले.

दोर निसटला नव्हता. त्या दिवशी कडाक्याची थंडी होती, बोटं वळत नव्हती, म्हणून मी खुंट्याला वेढाच दिला नाही. तू खाली गेलास आणि मी बर्फावरून फरफटत भोकाकडे निघालो. काळं पाणी दिसलं आणि मी दोर सोडला. घाबरलो, सोडला. मग टोक पाण्यात जाताना दिसलं तेव्हा त्याच्यावर झेप घातली आणि तुला ओढलं. सोडणं आणि झेपावणं यांत तीन श्वास गेले असतील. तुझी बोटं त्या तीन श्वासांत गेली.

हे वाचून तू येशील अशी आशा ठेवून लिहिलेलं नाही. तळ्यावर मी जाणारच. पण कोणाचा दोर धरायचा नाहीस आणि का, हे तुला नीट माहीत असावं.

नाताळ सुखाचा जावो.

रोमेड


लिंझ, २८ डिसेंबर १९६३

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मला माहीत होतं. पाण्यात जाताना मी वर पाहिलं होतं. तुझे दोन्ही हात मोकळे होते.

तू दोर सोडलास याचा राग मला कधी आलाच नाही. मीही सोडला असता. राग आला तो संध्याकाळी, तू चुलीजवळ बसून दोर निसटला म्हणालास तेव्हा. बाबांनी ते खरं धरलं आणि दोरवाल्या इंगेनुइनला बाजारात चारचौघांत फैलावर घेतलं. वाईट दोर विकतो म्हणाले. मरेपर्यंत त्याच्याशी बोलले नाहीत. तू ऐकत उभा राहिलास. आणि मीही गप्प बसलो, म्हणून मला घरात राहवेना.

म्हातारा अजून आहे असं ऐकतो. आधी त्याच्याकडे जा. तोंडाने सांग, चिठ्ठी नको. मग मला कळव.

कासियान


ओबरबाख, ३ जानेवारी १९६४

चि. कासियान,
आशीर्वाद.

जाऊन आलो. म्हातारा नव्वदीला टेकलाय आणि पार बहिरा झालाय, त्यामुळे मला सगळं ओरडून सांगावं लागलं. खिडकी उघडी होती. गल्लीतल्या सगळ्यांनी ऐकलं, समोरच्या पाववाल्याने तर दुकानाबाहेर येऊन ऐकलं. माझ्या आयुष्यात मला इतकी लाज वाटली नव्हती.

इंगेनुइनआजोबा म्हणाले की त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, त्यांचा दोर हातातून निसटत नाही, हातच सुटतात. मग विचारलं, या वेळी कोण धरणार? मी तुझं नाव घेतलं. तेव्हा मुलीला हाक मारून त्यांनी आतून नवा दोर आणवला आणि माझ्या खांद्यावर टाकला.

पातळ जागा अजून ठोकून झाल्या नाहीत, म्हणून एकही लादी निघालेली नाही आणि हातात सतराच दिवस आहेत. गाडी कळव.

दादा


लिंझ, ५ जानेवारी १९६४ (तारेने)

दादा,

उद्या दुपारी तीनच्या गाडीने. दुकानावर पाटी लावली आहे: मालक बर्फ आणायला गेले. वहिनीला म्हणावं, क्नोडल आठ.

कासियान


ओबरबाख, ११ फेब्रुवारी १९६४

चि. कासियान यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू गेलास आणि घर मोठं वाटायला लागलं. तुझी वहिनी म्हणते, दोघं भांडायला होते तेव्हा तिला बरीच शांतता होती.

वळण टिकलं. तीनशे बारा लाद्या लागल्या आणि स्पर्धा संपेपर्यंत एकही खचली नाही. फॉनसुद्धा मध्ये दोन दिवस येऊन गेला. आम्ही दोघं इगल्सला कठड्याशी तीन तास उभे होतो. चौघांची गाडी आली, खडखडली, गेली. तुझ्या वहिनीने नेमकी तेव्हाच पापणी मिटली आणि सगळी शर्यत हुकली असं ती सगळ्यांना सांगते. मला गाडी कोणत्या देशाची ते कळलं नाही. मी बर्फच पाहत होतो. आपली लादी खालून निळी दिसते ना, तशीच दिसत होती. तिथे मला रडू आलं, हे लिहून टाकतो.

तिला आता तुझं ते थंड कपाट हवं आहे. पाठव. मी त्याच्याशी बोलणार नाही.

आता मुद्द्याचं. सहाव्या दिवशी झऱ्यापाशी बर्फ कडाडला, मी मांडीपर्यंत आत गेलो आणि हाक मारायच्या आत तू मला बाहेर ओढलं होतंस. खुंट्याला वेढा होता, तो मी स्वतः पाहिला होता. टोक कुठे होतं ते पाहायला काही मी मागे वळलो नाही. वळायची गरजच वाटली नाही.

काल दोर माळ्यावर टांगायला उलगडला. एक टोक माझं, ते सोडवलेलं. दुसऱ्या टोकाला एक फास आहे. बाबांनी शिकवलेली तीच गाठ, ओढली की आवळते, झटक्यात सुटत नाही. मी तो फास माझ्या कमरेला लावून पाहिला. मला घट्ट होतो. तुझ्या मापाचा आहे.

गाढवा, बाबांचा नियम मोडलास. सगळे दिवस असाच उभा होतास ना? दोघंही गेलो असतो. मग घरी सांगायला कोण आलं असतं?

गाठ भिजून वाळून दगड झाली आहे. सोडवायला तुझ्या वहिनीने पोती शिवायची मोठी सुई आणली. मी म्हटलं, हात लावू नकोस.

पुढच्या हिवाळ्यात लाद्या कोणालाच नकोत. तळं मात्र गोठेल. थोडा आधी ये. लोभ आहे तसाच बांधलेला राहू द्यावा.

तुझा दादा,
रोमेड