यांच्यासाठी रबरी पोशाख

२० सप्टेंबर १९५९, रविवार
"त्याले कोरडा ठेव, बाकी सारं तो पाहून घेते." लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासूबाई मला म्हणाल्या होत्या. बावीस वर्षं झाली. जमलेलं नाही. हे नगरपालिकेत पाणबुडे. तलावाच्या तळाशी नळाच्या तोंडावर जाळी आहे, तिच्यावरचा गाळ आणि पाला बुडी मारून काढायचा. थंडीत काम जास्त.
काल डॉक्टर म्हणाले, यंदा यांच्या छातीला गार पाणी नको. म्हणजे छातीला पाणी लागायला नको. मी शाळेत शिवण शिकवते, एवढं मला कळतं. उपाय सोपा आहे. पाणबुड्यांचा रबरी पोशाख असतो, आत अंग कोरडं राहतं. दसऱ्यापर्यंत आणायचा. टिकाऊ बघून.

२९ सप्टेंबर, मंगळवार
मुंबईच्या कंपनीचं उत्तर. मान आणि मनगटाचा घेर कळवा, समुद्राची खोली कळवा. अमरावतीत समुद्र!
दुपारी हे आडवे झाले तेव्हा मनगट मोजलं. उन्हाळ्यात सदरा शिवला तेव्हापेक्षा पाऊण इंच कमी भरलं. टेप जुना आहे. ताणला असेल.

४ ऑक्टोबर, रविवार
अकोल्याला जाऊन आले. यांना सांगितलं, मैत्रिणीकडे जाते. लढाईच्या वेळचा मिलिटरीचा माल विकणारे भगवंत म्हणून एक आहेत. त्यांच्याकडे खरंच एक पोशाख निघाला. गुडघा दहादा वाकवून पाहिला. अकराव्यांदा भेग पडली. भगवंत म्हणाले, "बाई, तुमी कपडा घेऊन राहिल्या का बैल?"
घेतला नाही. निदान दहा हिवाळे टिकला पाहिजे. हे एकोणपन्नास वर्षांचे आहेत. दहा काही जास्त नाहीत.

१४ ऑक्टोबर, बुधवार
दसरा झाला. घाई नव्हतीच. विकत मिळत नाही तर शिवायचा. ट्रकच्या जुन्या ट्यूबा, आत ताडपत्री, जोडांना पंक्चरवाल्याचं सोल्यूशन. चार दिवसांचं काम.

३० ऑक्टोबर, शुक्रवार
दोन सुया मोडल्या. घरभर वास. हे म्हणाले, "काय शिवून राहिली?" म्हटलं, शाळेचं. "शाळेत हत्ती घेतला काय?" हसता हसता खोकला आला, तो बराच वेळ थांबेना. सोल्यूशनचा वास. उद्यापासून अंगणात बसणार.

८ नोव्हेंबर, रविवार, दुपार
हे ड्यूटीवर. चाचणी मीच घेतली. शेजारच्या सुंदराबाईंना साक्षीला बोलावलं आणि अंगणातल्या टाकीत उतरले. पोशाखातली हवा सगळी पायांत गेली. पाय वर, डोकं खाली. सुंदराबाई ओरडल्या, "आवो मास्तरीणबाई, काहून उफराट्या होऊन राहिल्या!" मग मानेला धरून त्यांनीच बाहेर काढलं. पोशाखाच्या गळ्यातून आत गेलेलं पाणी आतच राहिलं. पाऊल उचलेना. सुंदराबाईंनी खांद्याला धरून मला कलतं केलं तेव्हा कुठे ओतलं गेलं.
पण शिवणीतून एक थेंब गळला नाही. चाचणी यशस्वी. गळा अर्धा इंच आत घ्यायचा.

१८ नोव्हेंबर, बुधवार
यांना दाखवला. बराच वेळ जोड चाचपत बसले. मग म्हणाले, "हे तू माह्यासाठी केलं?" हो म्हटलं. "घालतो ना." एवढंच.
काळजीचं कारण आता उरलं नाही.

२१ नोव्हेंबर, शनिवार
या थंडीतली पहिली बुडी. संध्याकाळी हे आले. पोशाख काखेत, नीट घडी घातलेला, आतून कोरडा. हे ओले. ओठ निळे.
मी पंचा पुढे केला. हेच म्हणाले, "रागावू नको. घालून उतरलो होतो मी. पर तिथं चिखलात डोये कामाचे नाई. पान्याची ओढ अंगाले लागते, तवा समजते जाळी कोठी हाय ते. हे घातलं आन मी आंधया झालो. म्हून काढलं." मग अंग पुसता पुसता, "शिवण मस्त हाय पन."

२२ नोव्हेंबर, रविवार, सकाळ
रात्रभर खोकत होते. आत्ता डोळा लागला आहे. उशी मी बदलली. सोल्यूशनचा वास इथे नव्हता, पोशाख अंगणात होता.
दोन महिने मी मापं घेत होते. अकोल्याला गेले, टाकीत बुडाले, आणि एक साधं वाक्य यांच्याशी बोलले नाही. कारण त्याचं उत्तर मला माहीत आहे. खाली गेलं की कोणी हाक मारत नाही, असं एकदा हे म्हणाले होते. तेव्हा चेहरा किती निवांत होता. तो निवांतपणा मी सोडा म्हणणार, आणि हे हसून नाही म्हणणार.
चहा ठेवला आहे. उठले की कप हातात देऊन म्हणेन. शाळेतल्या आवाजात नको, हळूच.
या हिवाळ्यात उतरू नका.