कुणाला कळणारही नाही

३ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझा फोन पुन्हा नुसता वाजत राहिला, म्हणून हे पत्र. शेजारी म्हणतात, तू घरातच असतेस.

एक काम आहे. कानाच्या यंत्राची जाहिरात माझ्या गळ्यात पडली आहे. ‘कानात आहे, कुणाला कळणारही नाही!’ हे चार भाषांत छापलं. भाषांतर अगदी चोख, तरी चारही भाषांच्या वस्त्यांतल्या दुकानांतून यंत्रांची खोकी जशीच्या तशी परत आली. साहेबांनी पंधरा दिवस दिलेत. नाही जमलं तर मला कायम करणार नाहीत. तुझ्या इमारतीत चारही भाषांची माणसं आहेत आणि प्रत्येकाच्या घरात तुझं नाक आहे. सोबतचे कागद त्यांना दाखव आणि कोण काय म्हणतं ते कळव.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी खारूताई

९ मार्च

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

फोन वाजला असता तर मी उचलला नसता का? त्याच्यातच बिघाड आहे.

खालचे शिंपीकाका कागद बघून हसलेच. त्यांच्यात घरातल्या मोठ्याला ऐकू आलं नाही तर चूक बोलणाऱ्याची. यंत्र लावायचं म्हणजे मोठेपण सोडायचं, म्हणाले. पण नात कानात गुपित सांगते, त्याच्या हल्ली नुसत्या गुदगुल्या होतात, हे सांगताना बिचाऱ्यांचा चेहरा उतरला. तिथे नातीचं चित्र टाक. मास्तरीणबाई उलट भडकल्या. त्यांच्या लोकांत लपवाछपवी म्हणजे लबाडी. यंत्र चांगलं लालभडक करा, म्हणजे समोरचा तोंड उघडून बोलेल, असं त्यांचं म्हणणं. हे त्यांना मला तीनदा सांगावं लागलं, फार हळू बोलतात. घड्याळजींकडे म्हातारा काहीच विकत घेत नाही, सून ठरवते. तिला टीव्हीचा आवाज कमी व्हायला हवा आहे. कागद तिच्याशीच बोलू दे.

राहिले आपले लोक. आपल्यात बहिरं कुणी नाही गं. हल्ली सगळेच पुटपुटतात, एवढंच. तेव्हा आपल्या भाषेत छापून कागद वाया घालवू नकोस.

जेवणाच्या वेळा पाळ, आणि आमची आठवण असू दे.

आत्या

२४ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मी कायम झाले! नात, लाल यंत्र, सून, तिन्ही कागद चालले. हा सल्ला कुठून आणला, असं साहेबांनी विचारलं. मी म्हटलं, घरचीच संस्था आहे.

आपल्या भाषेतही छापलं, रागावू नकोस. कात्रण सोबत आहे. सगळ्यात जास्त मागणी त्यालाच आली. आत्या, तू फोन उचलत नाहीस तेव्हा मी दर वेळी शेजाऱ्यांना फोन करून तू बरी आहेस ना ते विचारते. आता खरं ते लिहून टाकलं.

रागावलीस तरी पत्र लिहीच.

तुझी खारूताई

१ एप्रिल

चि. आगाऊ खारूताईस,
आशीर्वाद, पण मोजून मापून.

‘हल्ली सगळेच पुटपुटतात?’ एवढ्या मोठ्या अक्षरांत माझं वाक्य, आणि खाली माझ्यासारखाच चष्मा लावलेली बाई! जिन्यात सगळ्यांनी ओळखलं. तीन दिवस मी कात्रण पालथं घालून ठेवलं. चौथ्या दिवशी दुकानात गेले, नुसता जाब विचारायला. दुकानदार फार गोड बोलला, आणि मुख्य म्हणजे स्पष्ट बोलला. मास्तरीणबाईंचा आवाज चांगला खणखणीत आहे, हे मला परवाच कळलं.

राग ओसरला आहे, लोभ तेवढा शिल्लक आहे.

आत्या

ता. क. फोन आपोआप दुरुस्त झाला आहे. रविवारी सकाळी कर. आणि ओरडू नकोस, मी काही बहिरी नाही.