नाश्त्याआधीचा नाश्ता

सोमवार, ३ मार्च

उद्यापासून. ठरलं म्हणजे ठरलं. सकाळी उठायचं, रिकाम्या पोटी भराभर चालायचं, मग नाश्ता. व्हिडिओतला कोच म्हणतो, उपाशीपोटी कार्डिओ केला की शरीराला चरबी जाळण्यावाचून गत्यंतर उरत नाही. माझ्याकडे साठा भरपूर आहे. फक्त काडी लावायची.

बूट आणले. बायकोने आधी बुटांकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे, आणि म्हणाली, बाबांनाही घेऊन जात जा. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून पडून पडून त्यांची मांडी पार वाळली आहे. फिजिओथेरपिस्ट बाईंनी बजावलंय की रोज सकाळी चालवा, तेही नाश्त्याआधी, कारण नाश्त्यानंतरच्या गोळ्यांनी त्यांना गुंगी येते. कोणीतरी हात धरायला हवं. आता चालले नाहीत तर वॉकर कायमचा गळ्यात. म्हटलं, नेतो की. एका दगडात दोन पक्षी.

मंगळवार, ४ मार्च

गेलो नाही. पण कारण आहे.

बूट घालता घालता त्याच कोचचा दुसरा व्हिडिओ दिसला. उपाशीपोटी कार्डिओ करताना शरीर चरबीबरोबर स्नायूसुद्धा खातं! हे काल सांगायला काय झालं होतं? माझ्या दंडांचा प्रश्न आहे. कॉलेजात मी जिमला जायचो. ते दंड अजून आत आहेत, वरून दिसत नाहीत इतकंच. तासभर याच विषयावर वाचलं. अभ्यासाशिवाय कशात उडी घेणं माझ्या स्वभावात नाही.

बाबा बूट घालून दाराशेजारच्या खुर्चीवर बसले होते. त्यांना म्हटलं, उद्या जाऊ. ते म्हणाले, उद्या तर उद्या. वाकून नाड्या सोडायला त्यांना फार वेळ लागला. मी सोडू शकलो असतो, पण ऑफिसला उशीर होत होता. दिवसभर ते डोळ्यांसमोर येत राहिलं.

बुधवार, ५ मार्च

गेलो.

बाबा फारच हळू चालतात. कोच म्हणतो, हृदयाचे ठोके वाढले पाहिजेत. बाबांचा हात धरून चालताना माझे ठोके झोपेत असतात त्याहून कमी. बागेच्या फाटकाशी बाक आहे. बाबांना विचारलं, जरा बसता का, मी एक राउंड मारून येतो. म्हणाले, जा तू.

कुंपणाच्या कडेने कोपऱ्यापर्यंत जोरात गेलो. तिथे छाती धडधडायला लागली, पोटऱ्या भरून आल्या, कपाळावर गार घाम. स्नायू खाल्ले जात असल्याची सगळी लक्षणं. नेमकी कोपऱ्यावर बेकरी निघाली. देव आहे. तातडीचा उपाय म्हणून दोन उकडलेली अंडी आणि टोस्ट घेतला. टोस्टला लोणी होतं. मी मागितलं नव्हतं, पण अन्न टाकू नये.

नियम: नाश्ता म्हणजे घरी टेबलाशी बसून खाल्लेलं. उभ्याने खाल्लेलं अंडं हे औषध.

गुरुवार, ६ मार्च

आज बसून खाल्लं. पण खुर्चीच्या अगदी टोकावर. पाठ काचेकडे करून बसलो, उगाच कोणी ओळखीचं दिसायला नको.

घरी आल्यावर बायकोने बाबांना विचारलं, किती चाललात? मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, चाललो की भरपूर. आणि पेपर उघडला. खरं तर ते फाटकापर्यंत चालले आणि बाकावर बसून राहिले. त्यांनी खोटं का बोलावं कळेना. बोलले ते बरं झालं, पण कळेना.

मग नाश्ता. नाही खाल्ला तर बायकोला शंका येईल म्हणून खाल्ला. कोणत्याही प्लॅनची सुरुवातच अवघड असते.

शनिवार, ८ मार्च

मी विमा कंपनीत क्लेम तपासतो. लोकांच्या थापा ओळखण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही. काल एका माणसाने लिहिलं होतं, चोरी झाली तेव्हा मी दुकानातच होतो, फक्त जरा बाजूला चहा घेत होतो. एका ओळीत नामंजूर केला. संध्याकाळपर्यंत छातीत जळजळत होतं. लोण्याचं असेल.

आजपासून बाबांना पूर्ण वेळ देणार होतो. पण शनिवारी बेकरीत चीज ऑम्लेट असतं, त्यात प्रोटीन दुप्पट. सोमवारपासून देईन.

मंगळवार, ११ मार्च

बेकरीवाला मला पैलवान म्हणायला लागलाय. म्हणजे फरक दिसतोय.

परत आलो तर बाबा बाकावर धापा टाकत बसले होते. कपाळावर घाम. उन्हात बसल्यामुळे असणार. उद्यापासून त्यांना टोपी न्यायला सांगतो. आपणच काळजी घ्यायला हवी.

लिफ्टमध्ये बाबांनी माझ्या शर्टावरून हात फिरवला. म्हणाले, धूळ आहे. टोस्टचे कण होते. त्यांची नजर अधू झालीय हे एका अर्थी बरंच.

नंतर नाश्त्याला बसलो तेव्हा बायकोने माझ्या ताटलीत एक अंडं जास्त ठेवलं. म्हणाली, बाबांसाठी एवढं करतोस, खा. खाल्लं. दिवसातलं चौथं. एकही गोड लागलं नाही.

शुक्रवार, १४ मार्च

फिजिओथेरपिस्ट बाई आल्या. मी सकाळपासून अस्वस्थ. टेपने बाबांची मांडी मोजतील, काही सुधारणा नसेल, मग विचारतील रोज कोण नेतं. मी उत्तर तयार ठेवलं होतं. वय, हवामान, वगैरे. उत्तर नीट जमलं नव्हतं.

गरज पडली नाही. मांडी भरली आहे. बाई खूश. म्हणाल्या, असंच चालत राहिलात तर वॉकर माळ्यावर टाकायचा. बाबा म्हणाले, सगळं याच्यामुळे. आणि माझ्याकडे बोट केलं. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, मी उगाच तुझ्याबद्दल शंका घेत होते.

भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटलं. पण शांतपणे विचार केला. बाकावर बसून मांडी भरते, म्हणजे ताजी हवा. आणि बाबांना बाकापर्यंत कोण नेतं? मी. म्हणजे ते चुकीचं बोलले नाहीत.

धीर आला तेव्हा बाईंना म्हटलं, जाता जाता माझा दंड बघा, कार्डिओने झिजला तर नाही ना. त्यांनी दाबून पाहिला. म्हणाल्या, काळजी करू नका, स्नायू तुम्ही चांगले झाकून ठेवलेत. बायको स्वयंपाकघरात जाऊन हसली. ऐकू आलं.

गुरुवार, २० मार्च

ऑफिसची पँट लागेना. मसल वजनाने जड असतं, पण ते कमरेला येतं का, हे बघायला हवं.

आज ठरवून बाबांना म्हटलं, चला, आज कोपऱ्यापर्यंत तुमच्याबरोबर येतो. ते म्हणाले, नको, तुझं रनिंग बुडेल. किती समजूतदार. मला रडू येईल असं वाटलं. रनिंगला गेलो. केक ताजा होता.

बुधवार, २ एप्रिल

हे लिहायला नको वाटतंय.

माझ्या नेहमीच्या खुर्चीवर आज दुसरंच कोणी बसलं होतं, म्हणून काचेकडे तोंड करून बसावं लागलं. अंड्याला मीठ लावत होतो. बाहेर कुंपणाला धरून कोणी म्हातारा एक एक गज पकडत येत होता. थांबायचा, श्वास घ्यायचा, पुढचा गज पकडायचा. मनात म्हटलं, बिचाऱ्याबरोबर घरचं कोणी नाही. मग टोपी ओळखली. मीच घ्यायला लावलेली.

मी टेबलाखाली वाकलो. पडलेला चमचा शोधतोय असं दाखवलं. चमचा पडला नव्हता.

बेकरीवाल्याला विचारलं, हे इकडे कसे? तो म्हणाला, रोजच येतात. पहिल्या दिवशी घाबरून आले होते. मुलगा पळायला गेलाय, बराच वेळ झाला, त्याला सवय नाही, कुठे पडला तर नाही ना, असं विचारत होते. मी तुमच्याकडे बोट केलं. आत या म्हटलं तर नको म्हणाले. खाऊ दे त्याला, मला बघितलं तर लाजेल. तेव्हापासून रोज येतात, तुम्ही ठीक आहात ना बघतात आणि तुम्ही बिल द्यायच्या आत परत जातात. तुम्हाला सांगू नको म्हणाले होते, पण आज तुम्हीच पाहिलंत.

आयुष्यात पहिल्यांदा टोस्ट अर्धा टाकला.

बाकाशी पोचलो. बाबा टोपीने वारा घेत बसले होते. म्हणाले, झालं का रनिंग? सगळं सांगून टाकायचं ठरवून आलो होतो. म्हटलं, झालं.

लिफ्टमध्ये त्यांनी शर्ट झटकला. धूळ, म्हणाले. मी भिंतीकडे बघत राहिलो. इतकं नीच मला कधीच वाटलं नव्हतं.

उद्यापासून बेकरी बंद. बाबांचा हात सोडायचा नाही. माझे स्नायू गेले खड्ड्यात.

गुरुवार, ३ एप्रिल

पाण्याशिवाय पोटात काही नाही. बाबांचा हात घट्ट धरून निघालो. बाक आला. बाबा थांबले नाहीत. कोपरा आला. बेकरीवाल्याने आतून हात केला, मी बघितलं नाही. तिथून पुढे बाबांनी हळूच हात सोडवून घेतला. म्हणाले, तू ओढतोयस.

दुसऱ्या कोपऱ्यावर माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. बाबांनी माझ्या कोपराला धरून मला परत बाकापर्यंत आणलं. वाटेत दोन बायका थांबून बघत होत्या, कोण कोणाला नेतंय म्हणून.

बसलो. दम खाल्ला. म्हटलं, बाबा, मी रोज त्या बेकरीत... ते म्हणाले, माहीत आहे रे. बस तू, मी एक राउंड मारून येतो.

निघाले. कुंपणाला हात न लावता. थोडं पुढे जाऊन वळले आणि विचारलं, येताना तुला काही आणू का?

नको म्हणायचं होतं. दोन अंडी, म्हणालो. स्नायूंसाठी.

त्यांनी टोस्टही आणला, लोणी लावून. माझ्या हातात पुडी दिली आणि घराच्या दिशेने चालू लागले. खाऊन झाल्यावर शर्टावरचे कण मी स्वतःच झटकले. मान वर केली तोवर बाबा बरेच पुढे गेले होते.