मामांनी सांगितलेल्या चार पेट्या

पिंपळझिरे, ता. अमळनेर
आखाजीनंतरचा तिसरा दिवस, १९८९

तीर्थरूप झुलालमामांस,

भाचा सुकदेव याचा साष्टांग नमस्कार. नमस्कार पुरा घातला आहे, राग आला म्हणून त्यात काही कमी केलेले नाही. आपला दमा आणि मामींचा गुडघा कसा आहे ते कळवावे. इकडे सर्व खुशाल आहे, प्रमिलाबाईचे नाक सोडून.

मामा, आपण असे का केले? अमळनेरच्या रुपचंद पाटलांना आपण सांगितले की, आमच्या भाच्याच्या मधमाश्यांच्या चार पेट्या चालू आहेत. माझ्याकडे पेट्या दोन, त्याही आपणच कुठून तरी जुन्या आणून दिलेल्या, आणि दोन्हींत मिळून एक पाल होती. आता पाटील येत्या सोमवारी धंदा बघायला येत आहेत. धंदा पसंत पडला तरच मुलगी देणार. (मुलीचा फोटो मी अजून पाहिलेला नाही, असे घरात सांगितले आहे. तो माझ्या उशीच्या खोळीत आहे.)

आपण कार्डावर उपाय लिहिलात: रिकामी पेटी झाडाला टांगावी, घर शोधत फिरणारा थवा आपोआप येऊन राहतो. आपोआप! मी पहिली पेटी उघडली तर आत काळे डाग, जुने मेण आणि कुबट वास. कोणाला राहायला बोलवायचे तर घर स्वच्छ नको का? मी ती सोड्याने तीनदा घासली, दोन दिवस उन्हात वाळवली, वरून हिरवा ऑइलपेंट दिला आणि टांगली. महिनाभर एक माशी फिरकली नाही. शेवटी मध काढणारा वना आला, त्याने पेटी हुंगली आणि कपाळावर हात मारला. म्हणाला, "भाऊ, माशीले जुना मेणना वास लागस. तू त बठ्ठा वास धोई टाका!" आपल्या कार्डावर अर्धी बाजू कोरी होती मामा. 'धुऊ नये' हे दोन शब्द तिथे मावले नसते काय?

दुसरी पेटी मी न धुता, आतून आणखी मेण चोळून, मागच्या निंबाला दीड पुरुष उंचीवर टांगली. रोज सकाळी किती माश्या दाराशी येऊन पाहून जातात ते वहीत लिहू लागलो: सोमवारी तीन, मंगळवारी अकरा, बुधवारी मोजता आल्या नाहीत. आणि गुरुवारी दुपारी आभाळातून घोंगावत अख्खा थवा आला आणि पाऊण तासात पेटीत शिरला. पेटीत पाळता येते ती सातेरी माशी, राणीसकट! मी देवापुढे साखर ठेवली. खोटे सांगत नाही, त्या दिवशी मी आपल्याला मनातून माफसुद्धा केले होते.

पण आखाजीचा सण आला. बेबाबाई आणि प्रमिलाबाई या दोघी बहिणी माहेरी आल्या आणि दोघींनी झोक्याचा दोर नेमका त्याच निंबाला टाकला. मी हात जोडले, गावात दुसरी झाडे आहेत म्हणून सांगितले. तर आई मलाच म्हणाली, "पोरी वरीसमा एकडाव येतस, त्या झोका नही खेळतीन का? तुन्या माशा काय माहेरले येल शेतस?" मलाही संताप आला. झोका हलत नसेल तर पेटी हलवतो, असे म्हणून मी भर दुपारी ती उतरवली आणि पंधरा पावलांवर बाभळीला टांगली. (माश्या आपली जागा ध्यानात ठेवतात, पेटी सरकवली तरी फिरून जुन्याच जागी येतात, हे वनाने मला नंतर सांगितले. हेही कार्डावर नव्हते.)

रानात गेलेल्या माश्या परतल्या त्या थेट निंबाच्या फांदीवर. तिथे घर नव्हते, प्रमिलाबाई होती, आणि तिचा झोका ऐन वर चढलेला. चढत्या झोक्यावरून उडी मारता येत नाही. ती गाणे म्हणत वर गेली आणि नाकावर डंख घेऊन किंचाळत खाली आली. शेजारची भिकुबाई सोडवायला धावली, तिच्या कानाला दोन डंख. आईला वाटले दृष्ट लागली, म्हणून तिने मिरच्या-मोहऱ्या उतरवून विस्तवात टाकल्या, आणि तो विस्तव नेऊन ठेवला बाभळीखाली, पेटीच्या बरोबर खाली! त्या धुराने माणसे घर सोडून पळाली, तिथे माश्यांचे काय? सगळा थवा उठला. मी अनवाणी बोरी नदीपर्यंत मागे धावलो. थवा नदीपलीकडे गेला. परत आलो तर बेबाबाई म्हणते, "माशा सांभाळता येत नही, बायको काय सांभाळशी रे भाऊ?"

हे सगळे आपल्या एका खोट्यापायी झाले. मी मात्र तसा नाही. सोमवारी पाटलांना पेट्या उघडून दाखवणार आणि खरे तेच सांगणार, मग लग्न मोडले तरी चालेल. मामींना नमस्कार.

आपला संतापलेला भाचा,
सुकदेव

ता. क. : पत्र पोस्टात न टाकता धुळे गाडीच्या कंडक्टरकडे देत आहे, म्हणजे आजच मिळेल. तिथे धुळ्याच्या देवपुरात आपल्या ओळखीच्या ड्रॉइंग मास्तरांच्या बागेत माश्यांच्या पेट्या आहेत ना? त्यांतली एक भरलेली पेटी, तोंडाला जाळी बांधून, रविवारच्या गाडीने घेऊन यावे. मंगळवारी परत करू.

ता. क. दुसरा : वर 'एक पेटी' लिहिले आहे ते रद्द समजावे. आपण पाटलांना चार सांगितल्या आहेत, तेव्हा चारच आणाव्यात. मला खोटेपणा खपत नाही.