बाबांची व्याजस्तुती

पनवेल,
मंगळवार, १३ जानेवारी २०२६

चि. निनाद,
ताईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही इथे ठीक. बाबांचा खोकला गेला, गुडघा आहे तिथेच आहे. नव्या विमानतळावरची विमानं आता आपल्या गच्चीवरून जातात आणि बाबा प्रत्येक विमानाला 'एन्ट्री चुकली' म्हणून शिव्या घालतात. उद्या संक्रांत. तिळाचे लाडू पाठवतेय, कडक झालेत, दात सांभाळून खा. फोन तू उचलत नाहीस, मेसेजला नुसता अंगठा दाखवतोस, म्हणून हे पत्र. खालच्या मजल्यावरचा परेश शुक्रवारी एका दिवसासाठी पुण्याला येतोय, तो तुझ्या हातात देईल. तू उघडेपर्यंत तिथून हलू नकोस, असं त्याला बजावलंय.

आता मुद्द्याचं. रविवारी संध्याकाळी बाबांचा सत्कार आहे. पंच्याहत्तरी आणि नाट्यमंडळातली पन्नास वर्षं, दोन्ही एकदम. मंडळाची रीत तुला ठाऊक आहे. सत्कारमूर्तीने आभाराचं भाषण करायचं नाही, शाल खांद्यावर असतानाच आवडीचा एक उतारा उभ्याने सादर करायचा. बाबा एखादं जुनं स्वगत म्हणतील असं सगळे धरून चालले होते. बाबांनी तुझी कथा निवडलीय.

हो, तीच. दिवाळी अंकातली, 'निष्ठावंत'.

अंक आल्यापासून तो त्यांच्या हातातून सुटत नाही. दूधवाल्यापासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत सगळ्यांना दाखवून झाला. "आमच्या निनादने माझ्यावर लिहिलंय," म्हणतात, आणि मी शेजारी बसून मेथी निवडत राहते, मान वर न करता.

मी अकरावीला मराठी शिकवते रे. व्याजस्तुती म्हणजे काय, ते दर वर्षी फळ्यावर लिहिते: वरून स्तुती, आतून निंदा. तुझ्या कथेत नटाचं नुसतं कौतुकच आहे आणि प्रत्येक कौतुकाच्या पोटात सुरी आहे. "असा नवरा सात जन्म शोधून मिळायचा नाही. इकडे पत्नी इस्पितळात शेवटचे श्वास घेत होती, आणि तिकडे अलिबागच्या रंगमंचावर तो आजारी पत्नीच्या उशाशी जागणाऱ्या नवऱ्याचं काम इतकं सुरेख करत होता, की खुद्द यमानेही वन्स मोअर द्यावा." लिहिलंयस छान, नाही म्हणत नाही. वाचताना मी हसले, आणि मग इतकी संतापले की अंक ओट्यावर आपटला.

खोटं लिहिलंस म्हणून नाही. खोटं त्यात काहीच नाही. पण तू लिहून मोकळा झालास आणि पुण्यात जाऊन बसलास. इथे तो अंक रोज माझ्यासमोर उघडतो. बाबांना सांगावं का, की हे कौतुक नाही, तुमची सालटी काढलीयत? की गप्प बसावं आणि अख्ख्या पनवेलसमोर त्यांना स्वतःच्या तोंडाने स्वतःच्या अब्रूची लक्तरं वेशीवर टांगू द्यावीत? नाटकात प्रेक्षकाला ठाऊक असतं आणि पात्राला नसतं, त्यातली गंमत मी पोरांना रंगवून सांगते. घरात तेच पात्र समोर बसून दुसरा चहा मागतं तेव्हा गंमत वाटत नाही. मला भीती वाटते.

त्या रात्रीबद्दल मला काही लिहायचं नाही. तू लिहिलंस तेवढं पुरे.

गुरुवार, १५ जानेवारी

पत्र अर्धवट राहिलं होतं. काल शशिकलाताई तिळगूळ घेऊन आल्या. अलिबागच्या त्या प्रयोगात आजारी बायको झालेल्या, त्याच. बाबांनी लाडूच्या आधी अंक हातात दिला. त्या वाचत होत्या आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. दुसऱ्या पानावर त्यांनी चष्मा काढला. पाणी आणायच्या निमित्ताने माझ्यामागून स्वयंपाकघरात आल्या.

"चारू, कमलाकरांना हे कळलेलं नाही का गं? रविवारी हॉलमध्ये निम्मे लोक त्या प्रयोगाचे असणार. थांबव त्यांना."

थांबवायचं मी ठरवलं. आज कॉलेजातून आले तर बाबांची आतल्या खोलीत तालीम चालली होती. दार लोटलेलं. एवढा परिच्छेद संपला की आत जायचं, म्हणून बाहेर उभी राहिले.

निनाद, तू ऐकायला हवं होतंस. ज्याला उपरोध कळत नाही तो 'असा नवरा'वर जोर देतो. बाबांनी दिला नाही. सपाट, जवळजवळ मायेने म्हटलं. 'सात जन्म'पाशी किंचित थांबले आणि 'सुरेख' हा शब्द असा अलगद ठेवला, की माझ्या अंगावर काटा आला. वरून विमान आलं. ते त्यांनी जाऊ दिलं आणि मगच 'वन्स मोअर' म्हटलं. एकही जागा चुकली नाही, आणि न समजता अशा जागा कुणाला सापडत नाहीत. इतके दिवस काहीच ठाऊक नसलेलं पात्र मीच होते.

मी दार ढकललं. "तुम्हाला कळलंय," एवढंच म्हणाले.

ते चिडले. पन्नास वर्षं रंगमंचावर काय गोट्या खेळत होतो का, म्हणाले. पहिल्याच वाचनात, पहिल्याच परिच्छेदात कळलं होतं. मग गावभर दाखवत का फिरलात, मी विचारलं. मान वर ठेवून उभं राहता येतं का, ते आधी दूधवाल्यासमोर बघत होते म्हणे. मग ते पलंगावर बसले. लिहून दिलेलंच आपल्याला बोलता येतं, म्हणाले, स्वतःचं वाक्य कधी जमलंच नाही. अलिबागहून सकाळी परतल्यावर आपल्या दोघांशी काहीतरी बोलायला हवं होतं. ते त्यांना सुचलं नाही, आणि मग वर्षं गेली.

"आता गधड्याने संहिता लिहून दिलीय," म्हणाले. "बरी लिहिलीय. एका जागी फसलाय."

तिसऱ्या पानाच्या तळाशी आहे ती जागा. तिथपर्यंत तू तिला 'पत्नी' म्हणतोस. आणि मग मध्येच एक वाक्य येतं: 'आई शेवटपर्यंत दाराकडे बघत होती.' बाबांनी त्यावर बोट ठेवलं.

"इथे उपरोध नाही. इथे पोरगं रडलंय." मग माझ्याकडे न बघता विचारलं, "लेखकाने घेतलेली सूट असेल ना ही?"

तो दिवाळीपासून या एका वाक्याबाबत आशा धरून बसला होता रे, आपला बाप. बाकी सगळं त्याने कबूल केलं होतं. एवढं तरी कल्पनेतलं निघावं, अशी त्याची इच्छा होती.

आणि मी तिथे होते. तू दहावीत होतास, कॉटच्या पायथ्याशी बसला होतास. नर्सने पडदा ओढला तर आईने तो मला परत सारायला लावला, दार दिसावं म्हणून. हे तू लिहिलेलं नाहीस. का लिहिलं नाहीस ते मला कळतं.

नाही, सूट नाही, असं मी बाबांना सांगितलं. बघत होती.

त्यांनी मान हलवली. मग ते वाक्य म्हणायचा प्रयत्न केला. पुन्हा केला. माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा आवाज, पण एवढे पाच शब्द बाहेर पडेनात. गाळून टाका, मी म्हटलं, कुणाला कळणार आहे. त्यावर माझ्याकडे असं बघितलं, की मीच ओशाळले.

"त्याला लिही," म्हणाले. "बाकी सगळं मी म्हणतो. हे वाक्य त्याचं आहे, त्याने येऊन म्हणावं. नाही आला तरी मी गाळणार नाही. तिथे थांबेन."

मी हात जोडले, रडले, काही उपयोग झाला नाही. भर सभागृहात ते तसे उभे राहिले आणि कुणीच काही बोललं नाही तर काय, एवढंच डोक्यात फिरतंय. त्यांना माफ कर, असं मी तुला सांगणार नाही. मी केलंय का, तेही मला नक्की माहीत नाही. गोड बोल, असंसुद्धा म्हणत नाही. गोड तू भरपूर लिहिलंयस.

रविवार, संध्याकाळी सहा. वाचनालयाचं सभागृह. तिथलं दार रंगमंचाच्या बरोब्बर समोर आहे. त्या वाक्यापाशी आले की बाबा दाराकडे बघतील. ते उघडं ठेवायला मी परेशला सांगितलंय.

तुझी,
ताई