दिनानाथचे डोळे

१२ जुलै, पेण

आलो एकदाचा! रोह्याहून निघताना पिशवीत दोन लेंगे, जादा चष्मा नि ही वही, एवढंच घेतलं. बायको गेल्यापासून त्या घरात भांडंसुद्धा वाजत नव्हतं. इथं गोपाळच्या गणपतींच्या कारखान्यात दोनशे मूर्ती माझी वाट बघतायत. बघतायत म्हणजे काय, डोळे अजून मीच आखायचेत! धाटावला केमिकलच्या कंपनीत तीस वर्षं पाइपांचे वाल फिरवले; ब्रश मात्र कुणी शिकवला नाही. डब्यांच्या झाकणांवर डोळे काढत काढत हात बसला. गोपाळ म्हणाला, बाबाजीकाका, हात चालला तर माझी चतुर्थी निघाली, नाय चालला तर तुम्हालाच मखरात बसवीन. म्हटलं, पोट तर तयारच हाय. सगळे खदखदले. राहायला वरची खोली. खिडकीत जांभूळ.

१५ जुलै

आधी भुवई, मग पापणीची रेघ, मग बुब्बुळ, आणि सगळ्यात शेवटी पांढरा ठिपका, मोहरीच्या टोकाएवढा. तो पडला की माती माणसाकडे बघायला लागते. ठिपका ठेवताना श्वास धरायचा. आज अकरा मूर्ती झाल्या. बरं वाटलं.

१८ जुलै

मूर्ती गुळगुळीत करणाऱ्या बायकांत आज सरू दिसली. कंपनीतल्या आमच्या दिनानाथची बायको. निडीहून रोज गाडीनं येते म्हणे. मला बघून हातातलं फडकं टाकून धावत आली. अगो बाई, भाऊजी तुम्ही! मग सगळ्या बायकांना सांगत सुटली, की ह्यांनीच माझ्या माणसाला त्या विषारी वाफेतून पाठीवर घालून बाहेर आणलं, दोन दिवस तरी मला तो बघायला मिळाला. चहा आणून हातात दिला.

तिची पाठ फिरल्यावर तो चहा मी जांभळाच्या मुळाशी ओतला.

२४ जुलै

सरूच्या घरी नऊ वर्षं गणपती बसलेला नाही. मी विचारायला नको होतं. म्हणाली, माझ्या माणसाच्या विसराळूपणानं दुसऱ्याचा लेक गेला, मी कुठल्या तोंडानं देव आणू? तो दुसरा म्हणजे जिते गावचा नितेश, दिनानाथच्याच पाळीतला, त्याच वाफेत गेलेला. दर चतुर्थीला, घरोघर आरत्या चालू असताना, ही त्याच्या आईच्या, बायजाबाईच्या पायरीवर जाऊन बसते. माफी मागायला. बायजाबाई दार उघडत नाही. संध्याकाळी ही उठून परत येते. सांगताना हसली, म्हणाली, पायरी आता ओळखते मला.

मी रंग ढवळत राहिलो.

३१ जुलै

काहीतरी चुकतंय. दुपारी जेवून आलो तर सकाळच्या पाचही मूर्तींच्या बुब्बुळांवर पांढरी साय. दुधावर धरते तशी. पुसली, पुन्हा आखले. तासाभरात पुन्हा साय. गोपाळला बोलावलं. त्याला काही दिसेना. उलट म्हणाला, काका, असे जिवंत डोळे अख्ख्या पेणात नायत.

जिवंत नाहीत ते. वाफ लागल्यावर दिनानाथचे असेच झाले होते.

४ ऑगस्ट

लिहूनच टाकतो.

त्या दिवशी पाळी संपताना एक वाल उघडा होता. पुढच्या पाळीला दिनानाथ येणार होता. त्याला ते सांगून मगच जागा सोडायची, हा तिथला नेम. गेटबाहेर गरम वडे निघाले होते. मी न सांगता दहा मिनिटं आधी निघालो. वालाचं सांगायचं डोक्यातही आलं नाही. वाल बंद असेल ह्या भरवशावर त्यानं पंप सुरू केला. भोंगा वाजला तेव्हा माझ्या हातात अर्धा वडा होता.

धावलो, त्याला उचलला, हे खरं. पण चौकशीत म्हणालो, मी तोंडी सांगितलं होतं, तोच विसरला. एवढंच एक वाक्य. तोवर दिनानाथ आणि नितेश दोघेही गेले होते. खोटं म्हणणारं कुणी उरलं नव्हतं.

९ ऑगस्ट

सरू एका मूर्तीपुढे थबकली. कितीतरी वेळ. म्हणाली, भाऊजी, हे त्यांचे डोळे. तुम्ही कसे काढलेत? मग तळवा मूर्तीच्या कपाळावरून खाली फिरवला, दवाखान्यात फिरवला होता तसाच. तेव्हाही मिटत नव्हते.

रंग ओला होता. तिच्या हाताला लागला नाही.

हात काढला. डोळे माझ्याकडे वळलेले. तिच्याकडे नाही — माझ्याकडे.

१४ ऑगस्ट

साय आता माझ्या डोळ्यांत. उजव्या आधी. डॉक्टर म्हणतो डोळे स्वच्छ आहेत, वयाच्या मानानं उत्तम. मूर्ती एकेक निवळत चालल्यात. जेवढ्या त्या निवळतात तेवढं मला —

१८ ऑगस्ट

भरदुपारी, सगळे जेवायला गेलेले. खाली दोनशे मूर्ती. जिना उतरलो तशा सगळ्या माना वळल्याचा आवाज. माती सुकताना तडकते तसा. सगळ्या. एकदम.

आज सांगणार सरूला. सांगितलंच पाहिजे.

१९ ऑगस्ट

सांगितलं. वाल, वडा, चौकशी, सगळं. पायाशी बसून सांगितलं.

तिला खरं वाटेना. रडली, आणि माझेच पाय धरले. म्हणाली, किती मोठं मन तुमचं भाऊजी, माझा भार हलका व्हावा म्हणून त्यांचा दोष स्वतःवर घेताय. असं करू नका हो. त्यांनाही आवडायचं नाय.

शपथ घेतली तरी नाही. गोपाळलाही सांगितलं तिनं. तोही म्हणाला, देवमाणूस.

देवमाणूस.

२३ ऑगस्ट

डावाही गेला. ओळ बोटानं चाचपून लिहितो. मूर्ती जातायत एकेक. लोक म्हणतात काय डोळे, काय डोळे. सरू माझ्यावर माया करते म्हणून तिला खरं वाटत नाही. जिला माझी माया नाही तिच्यापाशी गेलं पाहिजे. बायजाबाई — ती मानेल. मग सरूला मानावंच लागेल.

२७ ऑगस्ट, चतुर्थी. जिते

सरूनं हात धरून आणलं. पायरीवर दोघं. तिला वाटतं मी सोबतीला आलोय. चारी बाजूंनी झांजा. हिच्या घरी आज दिवा नाही — नऊ वर्षं — माझ्यामुळे.

सरूनं तीनदा हाक मारली. आत कुणी बोलत नाही. पण दारापलीकडे श्वास आहे. आधी एक. आता पुष्कळ.

सरू म्हणते, दमलात, घरी जाऊया. नाही. मी मोठ्यानं बोललो दारापाशी, बायजाबाई, तुझा नितेश दिनानाथमुळे नाही गेला. ह्या बाईचा काही दोष नाही, तिला मोकळी कर.

झांजा थांबल्या. सगळीकडच्या.

कडी निघते आहे. सरूनं माझा हात सोडला. आतून कुणीतरी विचारतंय, मग कुणामुळे? बाईचा आवाज नाही हा. उठतो. सांगतो. बायजाबाई, मी —